३०० चा प्लॅन आणि ९४ वर अडलेला वेग : दादरमधल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एक जुनी चार मजली इमारत आहे. लिफ्ट नाही, भिंती दीड फुटी विटांच्या. तिसऱ्या मजल्यावरचं हे घर रेल्वेच्या डब्यासारखं लांबट आहे: दाराशी बाहेरची खोली, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर आणि त्याला लागून मागची गॅलरी बंद करून काढलेली छोटी खोली. घरात चार माणसं. आजोबा, बँकेत नोकरी करणारे दादा, जाहिरातींच्या व्हिडिओंचं संपादन करणाऱ्या वहिनी आणि बारावीतली मुलगी. मी त्याच इमारतीत तळमजल्यावर राहतो. बरीच वर्षं एका महाविद्यालयात संगणकांचं जाळं सांभाळलं, त्यामुळे इमारतीत कुणाचं नेट अडलं की बोलावणं येतं. घराची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. आकडे मात्र त्या वेळी वहीत लिहून ठेवलेलेच आहेत.

जूनमध्ये वहिनींच्या ऑफिसने आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायला सांगितलं. त्यांचं काम साध्या मेलचं नाही. शूटिंगचं कच्चं फुटेज २० जीबीच्या आसपास असतं, ते उतरवायचं, जोडकाम करायचं आणि पुन्हा चढवायचं. घरी १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचा, प्लॅन होता. तो वाढवून ३०० चा घेतला. मागच्या छोट्या खोलीत टेबल मांडलं, पंखा बसवला.

घरातली जोडणी अशी होती. फायबर दारावरून आत येऊन बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमागे कंपनीच्या पांढऱ्या बॉक्समध्ये, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाचं वायरीवरच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या ओएनटीमध्ये, शिरत होता. तिथून १२-१३ मीटरची राखाडी वायर माळ्यावरून मधल्या खोलीत गेली होती आणि तिथल्या लोखंडी कपाटावर घरच्यांनी २०१९ मध्ये घेतलेला राउटर ठेवला होता. त्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२०० लिहिलेलं होतं. हा आकडा पुढे महत्त्वाचा ठरला.

अडचण

नवा प्लॅन सुरू झाला आणि काहीच बदललं नाही. मधल्या खोलीत राउटरसमोर बसून स्पीड टेस्ट केली की ९२ ते ९४. मागच्या खोलीत १८ ते २५. फुटेज उतरायला दोन-दोन तास लागायचे. मुलीचा ऑनलाइन तास आणि वहिनींचं काम एकाच वेळी आलं की दोघींपैकी एकीला थांबावं लागायचं, आणि थांबायच्या बहुतेक वेळा वहिनीच.

कॉल सेंटरला चार वेळा फोन झाला होता. दरवेळी उत्तर एकच, ‘आमच्याकडून स्पीड बरोबर जातोय, राउटर बंद करून चालू करा.’ एकदा एक मुलगा येऊनही गेला. त्याने स्वतःच्या मोबाइलवर टेस्ट केली, ९३ दाखवले आणि ‘वायफायवर एवढाच मिळतो’ म्हणून सही घेऊन गेला. हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की ते खोडून काढावंसं वाटतं. चांगल्या राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ वायफायवर, त्याच खोलीत बसून, ३०० एमबीपीएस सहज मिळतात.

त्यात एक गोंधळ मोजमापाचाही होता. वहिनी मला म्हणाल्या, ‘भाऊजी, तीनशेचे पैसे भरतोय आणि फाइल उतरताना अकरा दाखवतंय.’ अकरा हा आकडा मेगाबाइटचा होता, प्लॅनचा आकडा मेगाबिटचा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ३०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ३७.५ मेगाबाइट. ११ मेगाबाइट म्हणजे ९० च्या आसपास मेगाबिट. म्हणजे फसवणूक सत्तावीसपट नव्हती, पण मिळत होता तो वेग एक तृतीयांशाहून कमीच. २० जीबीचा हिशेब वहिनींना वहीत मांडून दाखवला: २० एमबीपीएसला सव्वादोन तास, ९४ ला २८ मिनिटं, ३०० ला ९ मिनिटं. त्या बराच वेळ त्या तीन ओळींकडे बघत होत्या.

समोर असलेले पर्याय

दादांचं मत पडलं होतं की कंपनी बदलावी. इमारतीत आणखी दोन कंपन्यांचे फायबर आलेले आहेत, आणि नव्या जोडणीत पहिला महिना सवलतीत होता. मुलीचं म्हणणं, तीन बॉक्सचा मेश संच घ्यावा, म्हणजे खोल्याखोल्यांत ठेवलेले बॉक्स मिळून घरभर एकच वायफाय देतात, तिच्या मैत्रिणीकडे आहे. खर्च दहा-बारा हजार. तिसरा पर्याय स्वस्त एक्स्टेंडरचा, म्हणजे राउटरचं वायफाय पकडून पुढे पोचवणाऱ्या छोट्या उपकरणाचा. चौथा मी सुचवला: काहीही विकत घेण्याआधी एक रविवार मोजण्यात घालवायचा. फायबर घरात शिरतो तिथून लॅपटॉपपर्यंत किती तुकडे आहेत ते लिहायचं आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला वेग बघायचा.

माझ्या सुचवण्यामागे एक कारण होतं. ९२-९४ हा आकडा मला फार ओळखीचा होता. हवेतून येणारा वायफायचा वेग डगमगतो: एकदा ७०, एकदा १३०, दार लावलं की ५०. इथे मधल्या खोलीत सकाळी, दुपारी, रात्री, केव्हाही मोजलं तरी ९२ ते ९४. एवढा स्थिर आकडा वायरीचा असतो. जुन्या प्रकारचं इथरनेट, म्हणजे वायरीवरचं नेटवर्क, १०० एमबीपीएसवर चालतं आणि डेटाच्या प्रत्येक पाकिटाची वेष्टनं वजा केली की हाती ९४-९५ उरतात. म्हणजे वाटेत कुठेतरी शंभरची अडचण होती. कुठे, हे मोजल्याशिवाय कळणार नव्हतं.

कंपनी बदलली असती तर नवा फायबर आला असता, आणि पुढे वायर तीच, राउटर तोच. मेशचा पहिला बॉक्सही त्याच वायरीच्या टोकाला लागला असता. एक्स्टेंडरचंही तेच. तिन्ही पर्यायांत घराने पैसे आणि महिना घालवला असता आणि आकडा ९४ च राहिला असता. हे मी त्या दिवशी दादांना ठामपणे सांगू शकलो नाही, कारण तेव्हा तो माझा फक्त अंदाज होता. ते मात्र लगेच म्हणाले, ‘एक रविवार तुमचा.’

पहिली मोजणी आणि चुकलेला निष्कर्ष

पहिलं पाऊल उघड होतं. मधला सगळा पसारा बाजूला ठेवून लॅपटॉप थेट ओएनटीला जोडायचा. कंपनीचा बॉक्स ब्रिज पद्धतीवर होता, म्हणजे लॉगिन राउटर करत होता, बॉक्स नाही. त्यामुळे लॅपटॉपवरच पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीकडे लॉगिन करण्याचं, कनेक्शन तयार करून युजरनेम-पासवर्ड भरावा लागला. तो जोडणीच्या वेळच्या एसएमएसमध्ये सापडला, यात अर्धा तास गेला.

वहिनींचा लॅपटॉप पातळ, त्याला वायरीचं भोक नाही. त्यांच्याकडे जुना यूएसबी कन्व्हर्टर होता, तो लावला. माझ्या घरून आणलेली एक मीटरची चांगली वायर जोडली. टेस्ट केली. ९४.

माझा निष्कर्ष झटकन निघाला: राउटर नाही, मधली वायर नाही, आणि तरी ९४, म्हणजे कंपनीने प्लॅन कागदावर वाढवला आणि यंत्रणेत १०० च ठेवला. असं होतं, मी पाहिलेलं आहे. दादांनी लगेच तक्रार नोंदवली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला स्वतःचा क्रमांक मिळतो, आणि समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. आधीच्या चार फोनांपैकी एकाचाही क्रमांक घरच्यांनी लिहून ठेवला नव्हता. या वेळी लिहिला.

बुधवारी दुसरा तंत्रज्ञ आला, वयाने मोठा, हातात मीटर. त्याने आधी फायबर बॉक्सपासून सोडवून त्यातून येणारा प्रकाश मोजला: उणे २१ डीबीएमच्या आसपास (डीबीएम हे प्रकाशाच्या जोराचं माप). या घरच्या बॉक्ससारख्या नेहमीच्या जीपॉन (एकच फायबर अनेक घरांत वाटण्याची पद्धत) उपकरणांना उणे २७ पर्यंत चालतं. त्याहून खाली गेलं, फायबर शोकेसमागे कुठे तुटल्यासारखा वाकला असला, की जोडणी अधूनमधून तुटते आणि बॉक्सवर लाल दिवा लागतो. इथे तसं काही नव्हतं. मग त्याने पिशवीतून आपला जाडजूड लॅपटॉप काढला, बॉक्सला लावला आणि टेस्ट सुरू केली. ३०४.

मी बघतच राहिलो. त्याने शांतपणे वहिनींचा कन्व्हर्टर हातात घेतला, उलटा करून पाहिला. ‘साहेब, हा शंभरचा आहे. हजारवाला घ्यावा लागेल.’ लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग लिहिलेला असतो. तो तेव्हा उघडून पाहिला, तिथे स्वच्छ १०० लिहिलं होतं. रविवारी ती एक ओळ मी पाहिली असती तर तक्रार गेलीच नसती.

या ठिकाणी मला थांबावंसं वाटतं, कारण संपूर्ण प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी जागा हीच आहे. मोजपट्टीच शंभरची होती. ज्या अडचणीचा शोध घ्यायचा तीच अडचण मोजणाऱ्या साधनात होती, आणि उत्तर माझ्या अंदाजाशी तंतोतंत जुळलं म्हणून ते तपासावं असं मला वाटलं नाही. ९४ हा वायरीचा आकडा आहे हे ओळखलं होतं. ती वायर माझ्या हातातल्या कन्व्हर्टरचीही असू शकते, हे मनात आलं नाही. एका माणसाला भरपावसात तीन मजले चढायला लावले. दादांनी त्याच दिवशी फोन करून तक्रार बंद केली आणि चूक आपल्याकडची होती असंही सांगितलं. जाताना तंत्रज्ञ म्हणाला, ‘तुमचा राउटर पण बघून घ्या, त्याच काळातला दिसतोय.’

दोन अडथळे, एकामागे एक

राउटरच्या खोक्यावरच्या १२०० कडे आता लक्ष गेलं. हा आकडा वायफायच्या दोन पट्ट्यांची, जवळच्या शंभरात बसवलेली, बेरीज असते: २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७. दोन्ही हवेतले, तेही कागदावरचे. राउटरच्या पाठीमागची वायरीची भोकं किती वेगाची, हे खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं: १०/१००. म्हणजे राउटर लॅपटॉपशी हवेतून ८६७ ने बोलत होता, पण त्याच्यापर्यंत माल येत होता शंभरच्या दारातून. वहिनींच्या लॅपटॉपवर वायफायचा वेग ८६६ दिसत असे आणि त्यावरून सगळ्यांची समजूत झाली होती की राउटर उत्तम आहे. तो आकडा फक्त लॅपटॉप ते राउटर एवढ्याच अंतराचा असतो.

अशा राउटरांत खोटं काही लिहिलेलं नसतं, तरी गिऱ्हाईक चुकतं. घरात १०० चा प्लॅन होता तोवर त्याने काम चोख केलं. प्लॅन वाढवताना कंपनीच्या माणसाने ‘तुमचा राउटर गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएसचा, आहे का’ एवढं एक वाक्य विचारलं असतं तर हे घर महिनाभराच्या मनस्तापातून वाचलं असतं.

नवा राउटर मागवला: सगळी भोकं गिगाबिट, वायफाय ६, साडेतीन हजारांच्या आत. शुक्रवारी रात्री आला. जुना काढून त्याच जागी लावला, युजरनेम भरला, टेस्ट केली. ९३.

दादांचा चेहरा मला आठवतो. रागावले नाहीत, पण ‘हा परत करू या, दहा दिवसांची मुदत आहे’ म्हणाले, आणि त्यांच्या जागी कुणीही तेच म्हणालं असतं. पैसे घातले, आकडा हलला नाही, म्हणजे निदान चुकलं. व्यवहारात हे बरोबर वाटतं. एकाच रस्त्यावर दोन अरुंद पूल असले तर मात्र ते लागू पडत नाही. पहिला रुंद केला तरी गाड्या तेवढ्याच पोचतात, कारण दुसरा अजून अरुंदच असतो. पहिली दुरुस्ती चुकली होती की अपुरी होती, हे नुसत्या शेवटच्या आकड्यावरून कळत नाही.

सुटका दिव्याने केली. नव्या राउटरच्या पाठीमागे, वायर जिथे खुपसतो तिथला बारीक दिवा नारिंगी होता. माहितीपत्रकात लिहिलं होतं: हजारला हिरवा, शंभरला नारिंगी. सगळ्या उपकरणांत रंग हेच असतात असं नाही, म्हणून पत्रक पाहणं गरजेचं. मी राउटर उचलून बाहेरच्या खोलीत नेला आणि एक मीटरच्या वायरीने थेट बॉक्सला लावला. दिवा हिरवा. वायफायवर मुलीच्या मोबाइलवर टेस्ट केली: ३०२. घरच्या उपकरणावर पहिल्यांदा तीन आकडी संख्या दिसली. तिने तिचं छायाचित्र काढून ठेवलं.

म्हणजे राउटर निर्दोष, माळ्यावरची राखाडी वायर दोषी. तिच्या टोकाची क्लिप कापून साल सोलली. आठ तारांपैकी चारच क्लिपमध्ये गेल्या होत्या, केशरी जोडी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी जोडी मागेच कापून ठेवलेली. १०० एमबीपीएसला चारच तारा लागतात, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवरच्या. १००० ला आठही लागतात. चारच मिळाल्या की दोन्हीकडची उपकरणं आपसात ठरवून शंभरवर उतरतात. ती तक्रार करत नाहीत, नुसती हळू चालतात. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही.

दादा माळ्यावर चढले तेव्हा बाकीचं कोडं सुटलं. वायर मध्यावर सोललेली होती आणि निळी जोडी आजोबांच्या पलंगाशी असलेल्या लँडलाइनच्या जोडफोनाकडे नेलेली होती. तो फोन केव्हाच बंद झाला. केबलवाल्याने तेव्हा एकाच वायरीतून नेट आणि फोन दोन्ही नेले, आणि त्या काळच्या ४ एमबीपीएसच्या प्लॅनला त्यात काहीच वावगं नव्हतं. आजोबांनी खालून विचारलं, ‘माझ्या फोनमुळे अडलं होतं का रे?’ त्यांना समजावताना सांगितलं की ज्याने वायर ओढली त्याने त्या वेळची गरज नीट भागवली होती. ते खरंही आहे.

नवी वायर

शनिवारी दादा आणि मी स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण वायर घ्यायला जाणारा प्रत्येकजण लॅमिंग्टनच म्हणतो. मोजून ३० मीटर कॅट ६ प्रकारची नेटची वायर घेतली. इथे एक खबरदारी घ्यावी लागते. स्वस्त वायरींत तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. ती ठिसूळ असते, वाकवल्यावर तुटते, क्लिपमध्ये सैल होते. दुकानदाराला सांगून एका तारेचं टोक ब्लेडने खरवडून पाहायचं: आतून पांढरी निघाली तर नको, लालसरच राहिली तर तांबं. पहिल्या दुकानात पांढरी निघाली. दुसऱ्या दुकानातल्या मालकाने स्वतःहून खरवडून दाखवली.

वाट कुठून न्यायची यावर थोडी चर्चा झाली. बाहेरून, गॅलरीच्या कडेने नेली असती तर चार-पाच मीटर वाचले असते. पण घरात वापरायच्या वायरीचं साधं प्लास्टिक मुंबईच्या उन्हात तडकतं, आणि एकदा तडकलं की पावसाचं पाणी आत उतरतं. माळ्यावरूनच नेली, नव्या केसिंगमधून, विजेच्या जुन्या वायरींपासून हातभर लांब ठेवून. क्लिपा दोन्हीकडे एकाच क्रमाने बसवल्या: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टेस्टरचे आठही दिवे लागले. मधल्या खोलीत वायरीवर ३०४, वायफायवर २९० च्या पुढे.

मागची खोली

इतकं होऊनही वहिनींचा प्रश्न सुटला नव्हता. त्या बसतात मागच्या खोलीत, आणि तिथे अजून ४० ते ५५ च होते.

राउटर कपाटावरून काढून भिंतीवर खांद्याच्या उंचीला लावला. लोखंडी कपाटावर ठेवलेला राउटर खालच्या बाजूला जवळपास मुका होतो, एवढ्याने ७० पर्यंत गेला. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आजूबाजूची ३१ नेटवर्कं दिसत होती. दादरच्या दाटीत याहून वेगळं काय असणार. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल १, ६ आणि ११ एवढी तीनच. बरेच शेजारी ३, ४, ८, ९ वर बसून दोन्हीकडच्यांना त्रास देत होते. आम्ही ११ घेतलं आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली. याने वेग फारसा वाढला नाही, पण आजोबांचे व्हिडिओ कॉल अडकायचे थांबले. ५ गिगाहर्ट्झची लहर मात्र दोन दीड फुटी भिंती आणि मधला फ्रिज ओलांडून पोचेपर्यंत थकत होती. त्याला सेटिंगचा इलाज नाही.

इथे पुन्हा मेशचा विषय निघाला, आणि या वेळी तो गैरलागू नव्हता. पण बिनवायरीच्या मेशलाही त्याच दोन भिंती ओलांडायच्या होत्या, आणि आमच्याकडे पंधराएक मीटर वायर उरली होती. वहिनींचं टेबल जागेवरून हलणार नव्हतं. मी म्हटलं, टेबलापर्यंत वायरच नेऊ. वहिनींना भिंतीवर आणखी एक केसिंग नको होतं, नुकताच रंग दिला होता. शेवटी स्वयंपाकघराच्या फळीखालून नेली, कुठेही दिसत नाही. त्यांच्यासाठी गिगाबिटचा नवा कन्व्हर्टर घेतला.

जुना राउटर फेकला नाही. तो स्वयंपाकघरातल्या फळीवर नुसतं वायफाय देण्यासाठी लावला. त्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागल्या: त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला म्हणजे नव्याशी टक्कर होत नाही, पत्ते वाटण्याचं डीएचसीपीचं काम बंद केलं, आणि वायर इंटरनेटच्या भोकात न घालता लॅनच्या, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या, भोकात घातली. वहिनींच्या टेबलाजवळ छोटा गिगाबिट स्विच, म्हणजे एका वायरीच्या अनेक फांद्या करणारा बॉक्स, ठेवून एक फांदी त्यांना, एक याला दिली. त्याची भोकं अजूनही शंभरचीच आहेत, पण मोबाइल आणि आजोबांच्या टीव्हीला ९० पुरून उरतात.

निष्पन्न

वहिनींच्या टेबलावर आता ३०० ते ३०५ मिळतात, मधल्या खोलीत वायफायवर २९०, स्वयंपाकघरात ९०. रात्री नऊच्या सुमारास कधीकधी २५०-२६० दिसतात. एका फायबरचे सेकंदाला २.४८८ गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले असतात, तेव्हा सगळे एकदम टीव्हीसमोर बसल्यावर एवढी घट समजण्यासारखी आहे. त्यावर तक्रार करायची नाही असं आम्ही ठरवलं. राउटर, वायर, क्लिपा, केसिंग, कन्व्हर्टर, स्विच मिळून खर्च साडेसहा हजारांच्या आत राहिला. लागले तीन आठवडे.

पहिल्याच सोमवारी २१ जीबीचं फुटेज दहा मिनिटांत उतरलं. वहिनींनी खाली फोन केला, ‘भाऊजी, मी चहा टाकला होता, तो गाळायच्या आत झालं.’

पुन्हा करायचं झालं तर

मोजण्याआधी मोजायचं साधन तपासेन. लॅपटॉप वायरीने जोडल्यावर स्पीड टेस्टच्या आधी नेटवर्क सेटिंगमधला जोडणीचा वेग वाचायचा, १००० दिसला तरच पुढचा आकडा मनावर घ्यायचा. हे काम दहा सेकंदांचं आहे.

राउटर आणि वायर यांची पारख वेगवेगळी करेन. नवा राउटर आल्यावर तो आधी बॉक्सला छोट्या वायरीने लावून पाहायला हवा होता, मगच जुन्या जागी. शुक्रवारची ती रात्र आणि दादांच्या मनात आलेली शंका टळली असती. खरं तर राउटर मागवण्याच्याही आधी वायरीच्या क्लिपा पाहता आल्या असत्या. पारदर्शक प्लास्टिकमधून किती रंग आत गेले आहेत ते चष्मा लावून दिसतं, काही कापावं लागत नाही.

एक निर्णय मात्र मी आजही तसाच घेईन, तो म्हणजे कंपनी न बदलण्याचा. दादांचा राग रास्त होता, चार फोनांना मिळालेली उत्तरं वाईट होती, तरी बाहेरून येणारा फायबर आणि त्यातला वेग पहिल्या दिवसापासून चोख होता.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ऑफिसच्या व्हीपीएनमधून, म्हणजे ऑफिसच्या जाळ्याशी जोडणाऱ्या सुरक्षित वाटेने, फाइल चढवताना वहिनींना ६० च्या वर वेग मिळत नाही. व्हीपीएन बंद केलं की त्याच मिनिटाला ३००. घरातला प्रत्येक तुकडा आता मोजून झालेला असल्याने ही अडचण ऑफिसच्या टोकाला आहे असं त्या ठामपणे लिहू शकल्या, दोन्ही टेस्टची छायाचित्रं जोडून. तिथल्या माणसाने पुढच्या आठवड्यात बघतो म्हटलं आहे.